मामाने आणलेलं पीस

मी नाशकात राहतो, सॅमन मासा कधी पाहिलेला नाही. तरी रात्री जेवणं झाली की मी स्पे फ्लाय बांधत बसतो. फ्लाय म्हणजे गळावर लोकर, जर आणि पिसं गुंडाळून केलेलं आमिष. स्कॉटलंडच्या स्पे नदीवरच्या या जुन्या फ्लायची गंमत तिच्या लांब, मऊ पिसात. प्रवाहात ते हलतं आणि साधी लोकर जिवंत वाटू लागते. 'लेडी कॅरोलाइन'ला बगळ्याचं पीस लागे. काहींसाठी तिकडे खास कोंबडे पाळत. मी चिकनवाल्याकडची गावठी पिसं वापरतो. तो फुकट देतो. हसतो, पण देतो.

'जॉक स्कॉट'सारख्या नटव्या सॅमन फ्लायच्या गालावर मेणासारखा चकचकीत ठिपका असतो. तो आपल्याच सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेचा. हे मी मामाला कौतुकाने सांगितलं होतं. दिवाळीत तो पेठहून आला तो कागदात चार पिसं घेऊनच. "रानात पडलेली होती रे."

माझा विश्वास बसला. पण गळावर बांधल्यावर पडलेलं कुठलं नि फासातलं कुठलं, कोण सांगणार? १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली, फास काही संपले नाहीत. मी फोटो टाकला असता तर पहिली कमेंट आली असती, 'कुठे मिळेल?'

पिसं परत दिली. मामा दोन महिने बोलला नाही. मग संक्रांतीला घरच्या कोंबड्याची शेपटाकडची पिसं घेऊन आला. तांबूस, लांब, थोडी राठ. भिजवून बघतोय.