आपली बारी कधी?

मागच्या दिवाळीच्या सुटीत पुण्याला शिकणारा आमचा भाचा जानेफळला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत वीस बाजूंचा एक फासा होता. ‘मामू, हा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा फासा,’ तो म्हणाला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या अमेरिकनांनी काढलेला हा खेळ. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे आणि जिथे नशिबाचा प्रश्न येईल तिथे फासा टाकायचा.

आम्ही पडलो उर्दू शाळेतले मास्तर. गोष्ट सांगणे हा आमचा रोजचाच धंदा. एका रविवारी आठवीची पाच मुले घरी बोलावली आणि ओसरीवर चटई अंथरली. आपल्याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे तिलिस्म केले. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले होते, हे मुलांना ठाऊक होते. त्या पाण्याखाली जादूगाराचा किल्ला आणि दारावर सात पहारेकरी. मुले श्वास रोखून ऐकत होती. मग लढाई सुरू झाली आणि खेळ बसला.

पाच मुले, सात पहारेकरी. बारा जणांच्या बाऱ्या. प्रत्येकाचा विचार, फासा, बेरीज, वजाबाकी यांत दोन मिनिटे जायची. म्हणजे एकदा खेळलेल्या मुलाची बारी पुन्हा यायला चोवीस मिनिटे! नियमाप्रमाणे लढाईची एक फेरी म्हणजे गोष्टीतले फक्त ६ सेकंद. वर्गात कधी न बोलणारा एक मुलगा चटईच्या कडेला बसला होता. त्याने दोनदा विचारले, ‘सर, मेरी बारी कब?’ तिसऱ्यांदा विचारले नाही. चपला घालून निघून गेला.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आठवण झाली ती आमच्याच घरच्या ठेव्याची. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ‘दास्तान-ए-अमीर हमजा’चे ४६ खंड काढले. इतकी लढाई, तरी ऐकणारे उठून जात नसत. दास्तानगोईची ही परंपरा दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये वारल्यावर थांबली. पुढे २००५ मध्ये शम्सुर्रहमान फारुकी आणि महमूद फारुकी यांनी तिला पुन्हा उभे केले. दास्तानीचे चार आधार: रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी. रज्म म्हणजे युद्ध, पण ते एकटे चालत नाही. तलवार थकली की मैफल येते, बळ संपले की अमर अय्यार आपली जंबील घेऊन हजर होतो. आम्ही मात्र नुसती रज्म चालवली होती, तीही हिशेबाच्या वहीसारखी.

पुढच्या रविवारी रीत बदलली. सातही पहारेकऱ्यांची बारी एकदमच उरकायची. एकजण खेळत असतानाच ‘यानंतर तू’ असे पुढच्याला सांगायचे, म्हणजे त्याचा विचार तयार राहतो. लढाईला मारण्यापलीकडचा हेतू द्यायचा: दार बंद होण्याआधी किल्ली मिळवायची. शिवाय या खेळाच्या १९८१ च्या सोप्या आवृत्तीतला एक नियम भाच्याने फोनवर सांगितला. शत्रूचे अर्धे लोक पडले की दोन फासे टाकून बघायचे, उरलेले टिकतात की पळतात. शेवटचा माणूस पडेपर्यंत कुटत बसायचे कारण नाही. निकाल कळला की लढाई संपली.

तो मुलगा निरोप धाडल्यावर आला. त्याची बारी आली तेव्हा त्याने तलवार काढलीच नाही. पहारेकऱ्याला म्हणाला, ‘चाचा, तुम्हाला या जादूगाराने पगार तरी दिला का?’ सगळे हसले. आम्ही फासा टाकायला सांगितला. अठरा पडले. किल्ली मिळाली. त्यानंतर सर्वांना चहा-खारी; आमची बज्म तेवढीच.

सोमवारी वर्गात गेलो. पस्तीस मिनिटांचा तास, बेचाळीस मुले, पहिल्या बाकापासून एकेकाने धडा वाचायचा. बी.एड.ला शिकलो तसेच वर्षानुवर्षे चालवत आलो. शेवटच्या बाकापर्यंत बारी पोचायच्या आत घंटा होते, हे आम्ही कधी मोजलेच नव्हते. मध्येच शाळा सोडून गॅरेजवर, विटभट्टीवर गेलेल्या मुलांची नावे आठवली. बहुतेक मागच्या बाकांवरची.

त्या दिवशी वाचन मागच्या बाकापासून सुरू केले. तो मुलगा उभा राहिला, अडखळला, पण अर्धे पान वाचून मगच बसला.