उतारशाळेचा रक्षक

यरुशलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता साधारण २७ किलोमीटरचा, आणि तेवढ्यात तो सुमारे १००० मीटर खाली जातो. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, वळणं, दडून बसायला हव्या तेवढ्या जागा. प्रभू येशूने दयाळू शोमरोन्याचा दाखला सांगितला तो याच रस्त्यावरचा. लुटून, मारून टाकलेला एक माणूस. त्याला पाहून बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी. आणि थांबलेला शोमरोनी, ज्याच्या लोकांशी यहुदी माणूस संबंधसुद्धा ठेवत नसे. हा दाखला मी जन्मभर ऐकत आले. रविवारच्या शाळेत ऐकला, उपदेशांत ऐकला, पुढे मीच मुलांना शिकवला. पण वय वाढत गेलं तसं त्यातलं वेगवेगळं माणूस माझ्यापुढे येऊन उभं राहिलं.

राहुरीकडच्या आमच्या गावात नाताळाला या दाखल्याचं नाटक व्हायचं. शोमरोनी व्हायला मुलांची झुंबड उडायची. चोर व्हायलाही पुष्कळ जण तयार असत. शोमरोनी जखमी माणसाला ज्याच्या हवाली करतो तो उतारशाळेचा रक्षक मात्र कुणालाच व्हायचं नसे. अख्ख्या दाखल्यात त्याला बोलायला एक शब्द नाही.

आजीला वाचता येत नव्हतं, तरी दाखला तोंडपाठ होता. तिचा सगळा भर शेवटावर. शोमरोनी दुसऱ्या दिवशी रक्षकाला दोन दीनार देतो, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी, आणि वर जो खर्च होईल तो परत येईन तेव्हा फेडीन म्हणतो. आजीच्या लेखी त्या परत येण्यातच सगळं होतं. ती म्हणायची, "मयताला समदं गाव जातंय. म्हैन्यानं कोण जातंय, ते बघावं." ती स्वतः महिन्यानं जायची. गेली की सांत्वनाचं काही बोलायची नाही. त्या घरची बाई जोंधळे निवडत असेल तर सुपाशी बसून आपणही निवडायला लागायची. गेलेल्या माणसाचा विषय त्या बाईने काढला तर ऐकून घ्यायची, नाही काढला तर पावसापाण्याचं बोलायची. उठताना पुन्हा येते म्हणायची, आणि यायची.

आम्हा ख्रिस्ती लोकांत एक वाक्य फार सहज तोंडी येतं, "प्रार्थनेत आठवण ठेवते हं." प्रार्थनेवर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच हे वाक्य असं स्वस्त झालेलं मला सोसत नाही. याकोबाने आपल्या पत्रात याच गोष्टीवर बोट ठेवलं आहे. उघड्या, उपाशी भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावलं तर त्याचा काय उपयोग, असं तो विचारतो. आठवण ठेवते म्हणणाऱ्याने प्रार्थना करावी, आणि मंगळवारी फोनही करावा.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा हा दाखला माझ्याच घरात आला. पहिल्या आठवड्यात खुर्च्या पुरत नव्हत्या, इतकी माणसं येऊन गेली. पुढे येणं विरळ झालं. ज्याला त्याला आपापला संसार असतो, यात कुणाचा दोष मी मानत नाही. राहिलं ते रोजचं. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, मऊ भात भरवायचा, आणि एकच प्रश्न दहाव्यांदा आला तरी पहिल्यांदा आल्यासारखं उत्तर द्यायचं. रस्त्यावर भेटलेल्या परक्यावर दया करणं त्यामानाने सोपं, तो तासाभराचा प्रश्न असतो. ज्या माणसाशी वीस वर्षांचे रुसवेफुगवे आहेत त्याच्याशी सकाळी सहा वाजता मऊ आवाजात बोलणं, ही खरी कसोटी. त्या दिवसांत मला तो मुका रक्षक दिसू लागला. शोमरोन्याने तेल-द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, एक रात्र शुश्रूषा केली आणि तो पुढच्या प्रवासाला गेला. त्यानंतर पट्ट्या कुणी बदलल्या? घाण कुणी काढली? परत येईन म्हणणाऱ्या परक्या माणसाच्या शब्दावर भरवसा कुणी ठेवला?

शेजारच्या भाभी त्या काळात येत राहिल्या. मंडळीतल्या नव्हेत, शुक्रवारी त्यांच्या घरची माणसं नमाजाला जायची. त्या येऊन मला म्हणायच्या, "तुम्ही जरा पडा, मी बसते अम्मांजवळ." दोन तासांची ती झोप मला औषधासारखी लागायची. प्रभूने दाखल्यात मदतीला नेमका परका माणूस का आणला, ते मला भाभींकडे बघून कळलं. दया ही आपल्या मंडळीची मिरास नाही.

पंडिता रमाबाईंचं चरित्रही मी आता वेगळ्या नजरेने वाचते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना, बालविधवांना घेऊन आल्या, ही हकिकत आपण सगळे सांगतो. पण आणल्यानंतर काय? केडगावच्या मुक्तिसदनात १९००च्या सुमारास माणसं दीड हजारांच्या घरात गेली होती. एवढ्या जणींना रोज दोन वेळा जेवण, पाण्यासाठी खोदलेल्या विहिरी, शिक्षण, विणकाम, छापखाना. आणि १९२२मध्ये डोळे मिटेपर्यंत रमाबाई तिथेच राहिल्या. दुष्काळातला तो प्रवास काही महिन्यांचा, रक्षकाचं काम पंचवीस वर्षांचं.

शोमरोन्याचं मोठेपण मला या उतारवयात आणखी एका ठिकाणी दिसतं. त्याने जखमी माणसाचा विचार केला, तसा त्याचं करणाऱ्याचाही केला. रक्षकाला खर्च येईल, त्याच्यावर भार पडेल, हे त्याच्या ध्यानात राहिलं. आपण आजाऱ्याला भेटतो, फळं ठेवतो, प्रार्थना करतो आणि निघतो. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुनेकडे किंवा मुलाकडे कुणी बघत नाही.

तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेलच. या रविवारी उपासना झाली की तिथे जा. आजाऱ्याची चौकशी झाल्यावर त्याचं करणाऱ्या माणसाला विचारा, रात्री झोप होते का. मग त्याला चार तास बाहेर पाठवा आणि तुम्ही तिथे बसा. निघताना पुन्हा कधी येणार तो वार सांगून या, आणि त्या वारी जा.