पाणी कुठून फिरतं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात मिरकरवाडा बंदरात पाऊल ठेवलं तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं: मामाच्या जुन्या एस्टीममध्ये रेसिंगचा ब्लॉक बसवायचा. ड्रॅग रेसमध्ये धावलेला, त्याच जातीचा ब्लॉक मुंबईत एकाकडे हेरूनही ठेवला होता. तोवर इंजिन खोलायचा हात बसावा म्हणून ओळखीने एका मिस्त्रींकडे जायला लागलो. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बोटींच्या इंजिनांची कामं याच दिवसांत निघतात.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. खाली वाकून उतरलो तर समोर लेलँडचं सहा सिलिंडरचं धूड. याचं भावंड मी ट्रकखाली पाहिलं होतं. पण पुढचा रेडिएटर गायब!

"चाचा, रेडिएटर काढून ठेवलाय का?"

चाचांनी पान्याने बोटीबाहेर दाखवलं. "तो काय, पसरलाय."

मी समुद्राकडे बघत राहिलो. मग त्यांनी समजावलं. ट्रकला समोरून वारा मिळतो, बोटीच्या पोटात कुठला वारा? म्हणून ब्लॉकमध्ये गोडं पाणी फिरतं आणि कूलरच्या नळ्यांमधून समुद्राचं पाणी जाऊन त्याची उष्णता ओढून नेतं. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, खारं पाणी ब्लॉकमध्ये शिरलं की लोखंड खातं. कूलरमधून काढलेली जस्ताची कांडी मी "खराब झाली" म्हणून टाकायला निघालो होतो. अर्धी झिजून दाणेदार झाली होती. चाचा हसले, "तिचं काम तिने केलं. ती झिजली म्हणून कूलर वाचला."

तिसऱ्या आठवड्यात मला इंजिन चालू करायला सांगितलं. छाती फुगवून बटण दाबलं. धडधड सुरू झाली आणि मी तिच्यावरच खूश. चाचा मात्र बोटीच्या बाजूच्या भोकाकडे बघत होते. तिथून पाण्याची धार पडायला हवी होती. तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला. समुद्राचं पाणी आत घेणारा बुडाचा कॉक मी उघडलाच नव्हता! पंप खोलला तर रबरी चक्राची पाती फाटून लोंबत होती. चाचा ओरडले नाहीत. ते तुकडे माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "आधी पाणी, मग आवाज."

त्या दुपारी चहावर मी माझा बेत सांगून टाकला. वर पुरावाही दिला: 1983 साली नेल्सन पिके ज्या इंजिनावर फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, त्याचा ब्लॉक बीएमडब्ल्यूच्या साध्या गाडीच्या जातीचा होता.

"म्हणजे रस्त्यावरचं शर्यतीत नेलं," चाचा म्हणाले. "मी पण रस्त्यावरचंच समुद्रात नेतो. तू उलटा निघालास. हे बघ, ट्रक आंबा घाट चढतो, मग उतरतो. बोटीला उतार नाही, जाळं ओढताना तासन्‌तास घाटच. आता तुझ्या ब्लॉकचं सांग. पाणी कुठून फिरतं त्यात?"

मला उत्तर येईना. रात्री मुंबईला फोन लावला. पलीकडून अभिमानाने उत्तर आलं, "पाणी नाहीच! सगळ्या वाटा भरून टाकल्यात, म्हणून तर एवढा मजबूत."

भिंती दाबाखाली थरथरू नयेत म्हणून ड्रॅगवाले ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा सिमेंटसारख्या मसाल्याने भरतात. तिथे 402 मीटर, काही सेकंदांत खेळ खलास, इंजिन तापायला फुरसत नाही. मामाची गाडी मारुती मंदिरच्या गर्दीत दहा मिनिटं उभी राहिली असती, तर? खुद्द मर्सिडीजला फॉर्म्युला वनचं इंजिन रस्त्यावर आणताना घाम फुटला. 2017 साली दाखवलेली गाडी कारखान्यात बनायला 2022 उजाडलं. शर्यतीच्या गाडीत नुसतं उभं असतानाही मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेऱ्यांवर गुरगुरणाऱ्या इंजिनाला सिग्नलवर बाराशेवर शांत उभं राहायला शिकवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी विचारलं, "काय रे, घेतलास ब्लॉक?"

मी काही बोललो नाही. नवं रबरी चक्र बसवून झालं होतं. आधी खाली उतरून कॉक उघडला, मग बटणाकडे गेलो. बाजूच्या भोकातून धार पडेपर्यंत श्वास रोखून बसलो होतो.