मोजून वाढलेले वेल्श रॅबिट

‘वेल्श रॅबिट’ हे नाव ऐकून शाकाहारी वाचकांनी दचकू नये. रॅबिट म्हणजे ससा खरा. परंतु या पदार्थात मांसाचा कणही नसतो. भाजलेल्या पावावर वितळलेले चीज, एवढेच त्याचे स्वरूप. हे नाव अठराव्या शतकापासून लेखनात आढळते. ‘रेअरबिट’ हे सोज्ज्वळ रूप मागाहून आले. वेल्श भाषेत त्याला ‘काउस पॉबी’, म्हणजे भाजलेले चीज, म्हणतात.

कार्डिफला संसार मांडल्यापासून आमच्या घरी रविवारचे रात्रीचे जेवण हेच. दोन वर्षांपूर्वी यजमानांना उच्च रक्तदाब असल्याचे निदान झाले आणि मीठ कमी करण्याचा सल्ला मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाच्या पोटात दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ जावे. १०० ग्रॅम चेडर चीजमध्येच सुमारे १.८ ग्रॅम मीठ असते. पदार्थ बंद करणे सोपे होते. परंतु आठवड्यातून तेवढ्या एकाच रात्री आम्ही चौघे एकत्र जेवतो. म्हणून पदार्थ ठेवला आणि तराजू काढला.

चौघांसाठी पावाचे चार काप आणि १२० ग्रॅम मुरलेले चेडर घ्यावे. मुरलेल्या चीजची चव तीव्र असल्याने ते थोडे पुरते. मोठा चमचाभर बिनमिठाच्या लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परतावा. परंपरेने यात बिअर घालतात. आम्ही अर्धा कप कोमट दूध थोडे थोडे घालून गुठळ्या मोडतो. मिश्रण दाट झाल्यावर आच बंद करूनच किसलेले चीज, लहान चमचाभर वाटलेली मोहरी आणि मिरपूड घालावी. प्रखर आचेवर चीजमधील प्रथिने आकसतात आणि तूप सुटते. मैद्यातील स्टार्च ते बऱ्याच अंशी रोखतो. वेगळे मीठ घालू नये. वुस्टर सॉस खारट असतो आणि त्यात बहुधा अँकोव्ही मासा असतो. आम्ही तो वगळतो.

पाव दोन्ही बाजूंनी भाजून मिश्रण कडांपर्यंत पसरावे, म्हणजे कडा करपत नाहीत. मग ग्रिलखाली तपकिरी ठिपके येईपर्यंत ठेवावे.

वाट्याला येणाऱ्या ३० ग्रॅम चीजमधून सुमारे साडेसात ग्रॅम प्रथिने आणि २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते. मीठ अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक. पावातले मीठ वेगळे. ते वेष्टनावर पाहावे. संपृक्त मेदही असल्याने आठवड्यातून एकदाच, एकच काप. भूक भागावी म्हणून सोबत टोमॅटो आणि वाफवलेला लीक घ्यावा. पातीच्या कांद्याच्या जातकुळीतील ही भाजी वेल्सचे राष्ट्रीय चिन्हही आहे.

आपल्या घरी रक्तदाबाचा रुग्ण असेल, तर त्याची मिठाची मर्यादा डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि काप सर्वांना सारखाच वाढावा. पथ्य एकट्याचे राहिले नाही, की ते पाळणे त्याला पुष्कळ सोपे जाते.