वाफेचं घर

अमेरिकेतल्या व्हरमाँटला वसंत येतो तो चिखल तुडवत. मार्च महिना, कडेचा बर्फ मळलेला, रानात पानाचा पत्ता नाही. आणि अशा उजाडीत एका लाकडी खोपटाच्या छपरातून पांढऱ्या वाफेचे लोट उठतात. आत रस उकळतोय याची तीच दवंडी.

दारात पाऊल टाकताच चष्मा पांढरा होतो, त्यामुळे आधी येतो तो वास: गोड, थोडा ओल्या लाकडाचा. मग दिसतात लांबट पसरट कढया, खाली धगधगतं चुलाण आणि त्यात ओंडके सारणारे म्हातारबाबा. कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलेल्याला यात परकं काही वाटत नाही. फरक रसात. उसाचा रस तोंडात पडताच गोड. इथला रस मेपलच्या झाडाचा, चाखला तर निव्वळ पाणी. साखर त्यात जेमतेम दोन टक्के. साधारण 40 लिटर रस आटवावा, तेव्हा लिटरभर पाक हाती लागतो. बाकी सगळं छपरातून आभाळात.

शिवाय हा रस मागून मिळत नाही. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा बर्फ वितळवणारी ऊब, अशी ओढाताण चालू असेल तरच खोडाच्या भोकातून तो ठिबकतो. इथल्या अबेनाकी लोकांना हे गोरे येण्याआधीपासून ठाऊक होतं. नंतर, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनला मेपलमध्ये गुलामांच्या श्रमांवर पिकणाऱ्या साखरेला पर्याय दिसला. 1791मध्ये त्याने व्हर्जिनियात, माँटिसेलोला, मेपलची रोपं लावली. ती बहुतेक मेली. (स्वतः गुलाम बाळगून त्याला हे सुचलं, हेही खरंच.)

फेस उतू जाऊ लागला की म्हातारबाबा लोण्याचा कण टाकतात. फेस मुकाट खाली बसतो. पाक 104 अंश सेल्सियसच्या आसपास तयार होतो, पण त्यांचा भरवसा पळीवर. थेंब सुटे न पडता एकसंध पदर लोंबला, की नळ उघडायचा. मोठे उत्पादक आता उकळण्याआधीच यंत्राने बरंचसं पाणी काढून टाकतात. सरपण वाचतं, जागरणं वाचतात. नाक मुरडण्यासारखं त्यात काही नाही.

हंगामाच्या आरंभीचा पाक सोनेरी, सौम्य. दिवस तापत जातात तसा तो काळपट आणि ठसठशीत होतो. कळ्या फुगल्या की चव बिघडते आणि चुलाण विझतं. दुकानात तोरा सोनेरी बाटलीचा. तुम्ही मात्र काळपट घ्या. गरम घावनावर त्याचीच चव टिकते.