अर्जातील सातवे कलम
(तृतीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीत घराची झाडलोट करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक कागद हाती लागला. कडा कुजलेल्या, मधोमध चिखलाचा तपकिरी डाग. पण अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. आजोबांचेच ते वळणदार अक्षर. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांच्या पाट्यांवर अक्षर गिरवून देणाऱ्या माणसाचे अक्षर पुरालाही पुसता आले नव्हते. वर तारीख होती नोव्हेंबर २०१७ ची. विषय : ‘आमच्या वस्तीलगत होणाऱ्या गृहसंकुलास हरकत असल्याबाबत.’ खाली दहा कलमे आणि अठ्ठावीस सह्या.

आजोबा आता नाहीत. पण तो अर्ज वाचत मी तशीच पेटीवर बसून राहिले. वाचकहो, त्या अर्जाची आणि त्यातल्या कलमांच्या क्रमाची ही हकिगत आहे.

आमचे घर चिपळुणात, शिव नदीपासून हाकेच्या अंतरावर. आजोबा मूळचे गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यातले. नोकरीनिमित्त चिपळूणला आले आणि १९८३ साली चार गुंठ्यांचा तुकडा घेऊन त्यांनी जांभ्या चिऱ्याचे घर बांधले. घरामागे दोन एकरांचे भाताचे खाचर होते आणि त्याच्या कडेने एक पऱ्या वाहत असे. लहान ओढ्याला आमच्याकडे पऱ्या म्हणतात. पऱ्याचे पाणी शिव नदीला, शिव नदीचे वाशिष्ठीला आणि वाशिष्ठीचे दाभोळच्या खाडीतून समुद्राला. हा भूगोल मी पुस्तकात शिकण्यापूर्वी मागच्या दारी उभी राहून शिकले. मृगाच्या पावसात खाचर तुडुंब भरे. बेडकांच्या ओरडण्याने रात्री झोप येत नसे. पुढे लावणी होई, आणि श्रावणात खिडकी उघडली की डोळ्यांसमोर दुसरा रंगच नसे.

मी सातवीत असताना त्या खाचराच्या बांधावर एक मोठा फलक उभा राहिला. फलकावर पाच मजली इमारती होत्या, कारंजे होते, हिरवळीवर चेंडू खेळणारी गोरीगोमटी मुले होती. फलकाच्या पायाशी आमच्या वाडीतली म्हैस शांतपणे रवंथ करीत बसली होती. थोड्याच दिवसांत डोंगर पोखरून आणलेली लाल माती घेऊन डंपर येऊ लागले.

त्या रविवारी आमच्या पडवीत बैठक भरली. आजवर आमच्या पडवीत सत्यनारायणाखेरीज एवढी माणसे कधी जमली नव्हती. जो तो तावातावाने बोलत होता. कोणी म्हणाले, विहिरींचे पाणी आटेल. कोणी म्हणाले, आठ फुटांच्या गल्लीतून साठ कुटुंबांच्या गाड्या कशा जाणार? एकाला आपल्या अंगणातले ऊन जाण्याची चिंता, दुसऱ्याला सांडपाण्याची. वरच्या मजल्यांवरून आपली न्हाणीघरे दिसतील अशीही एक शंका निघाली. मात्र आवाज सर्वांत चढला तो एकाच मुद्द्यावर. येणार कोण? कुठले? कसले? घाटावरची, परप्रांतातली, कारखान्यांत काम करणारी माणसे येतील आणि आपल्या आळीचे आळीपण जाईल!

आजोबांनी सर्वांचे म्हणणे ऐकून अर्ज लिहिला. पहिले कलम असे : ‘बाहेरगावच्या अनोळखी लोकांची वस्ती वाढून परिसराची शांतता व संस्कृती धोक्यात येईल.’ दुसरे रस्त्याचे, तिसरे विहिरींचे. असे करत करत सातवे कलम : ‘सदर खाचरात पावसाळ्यात पाणी साठते. भराव झाल्यास ते पाणी कोठे जाईल, तसेच पऱ्याचे पात्र अरुंद होऊ नये, याचा विचार व्हावा.’

अर्ज मोठ्याने वाचून झाला तेव्हा आजी स्वयंपाकघराच्या दारातून एवढेच म्हणाली, “अहो, आपण इथे घर बांधलंत तेव्हा वाडीतली माणसं आपल्याला काय म्हणत होती, विसरलात वाटतं! ‘हे गुहागरकडचे मास्तर आपल्या मळ्यात घर घालतायत.’ आणि ‘मास्तर, इथे पाणी येतं हो,’ असंही तीच सांगत होती.”

पडवीत हशा पिकला. आजोबाही हसले. पण कलमांचा क्रम बदलला नाही.

अर्जाचे पुढे काही झाले नाही. बांधकामाची परवानगी नियमानुसार दिली आहे, असे उत्तर आले. तेव्हा मोठ्या माणसांना त्याचा फार राग आला होता. कॉलेजात आल्यावर मी सरांना विचारून थोडे वाचले, तेव्हा त्यातला खरा दोष कळला. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराच्या विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते तेव्हा नागरिकांना तीस दिवसांच्या आत हरकती व सूचना देता येतात आणि त्यांवर सुनावणी होते. कोणत्या जमिनीवर वस्ती, कोठे बाग, कोठून रस्ता, हे ठरते ते तिथे. एकदा ते ठरून मंजूर झाले की पुढची परवानगी ही मालक आणि कार्यालय यांच्यातली बाब होते. शेजाऱ्याला विचारलेच पाहिजे असे नाही. म्हणजे डंपर दिसल्यावर जागे होणाऱ्यांसाठी कायद्यात फारशी जागा नाही. ते तीस दिवस केव्हा आले नि गेले, आमच्या अठ्ठावीस सह्यांपैकी एकाही सहीला ठाऊक नव्हते.

इमारत वर चढू लागली. पऱ्या दोन सिमेंटच्या पाइपांत गेला. २०१८ सालच्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, फ्लॅट पाहायला आलेले एक तरुण जोडपे आमच्या फाटकाशी थांबले. बाईच्या कडेवर मूल होते. फाटक मीच उघडले. त्यांनी प्यायला पाणी मागितले आणि मग तिने विचारले, “इथे पावसाळ्यात पाणी भरतं का हो?”

बाबा पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. २६ जुलै २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर, त्यांच्या खुर्चीच्या अगदी मागे होती. आजोबांनी खिळ्याने कोरून ठेवलेली. बाबांनी वर न पाहता उत्तर दिले, “ते बिल्डरलाच विचारा. आम्हाला कुठे कोण विचारतो!”

जोडपे निघून गेले. मी फाटकाला कडी घातली. मला ती खूण ठाऊक होती. मीही काही बोलले नाही.

पुढचे सांगायला नको, कारण हा अंक वाचणाऱ्या बहुतेकांनी ते पाहिले आहे. जुलै २०२१. आमचा दहावीचा निकाल, परीक्षा न देताच, नुकताच लागला होता. २१ तारखेच्या रात्रभर पाऊस कोसळत होता. २२ च्या पहाटे आईने उठवले तेव्हा पाणी जोत्याच्या वरच्या पायरीला लागले होते. अर्ध्या तासात ते माजघरात आले, आणि कॉटच्या पाट्या बुडाल्या तशी वीजही गेली. आजोबा तेव्हा ऐंशीच्या घरातले. त्यांना घेऊन कोठे जावे हे सुचेना. तेवढ्यात मागच्या अंगाने विजेरीचा झोत आला आणि एका बाईची हाक आली, “आजोबांना घेऊन इकडे या! जिन्याशी माणसं उभी आहेत!”

बाबांनी आणि इमारतीतल्या दोन मुलांनी आजोबांना खांद्यावर घेतले. कुंपणाची भिंत धरून, छातीएवढ्या पाण्यातून, आम्ही ज्या इमारतीविरुद्ध अर्ज केला होता तिचा जिना चढलो. मागे वळून पाहिले तेव्हा आमच्या घराची कौले तेवढी ओळखू येत होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोन दिवस सतरा माणसे होतो. घरातला माणूस लोट्याच्या कारखान्यात कामाला. मंडळी मूळची कऱ्हाडकडची. त्या बाईंनी होते ते सगळे पीठ मळले. भाकरी आणि पिठले. मुलांना आधी, मग म्हाताऱ्यांना. एसटीच्या आगारातले अधिकारी रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते, हे आम्हाला नंतर कळले. त्या दिवशी मात्र आमचे जग त्या गॅलरीएवढेच होते. खाली इमारतीच्या तळमजल्यावरच्या सगळ्या दुचाक्या बुडाल्या होत्या. पिण्याच्या पाण्याची टाकी चिखलाने भरली होती आणि विजेचे मीटर पाण्याखाली होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी ओसरू लागले. बाई बाबांना चहा देत म्हणाल्या, “दादा, तुम्हाला विचारलं होतं आम्ही. फाटकाशी. आठवतं का?”

आवाजात राग नव्हता. म्हणूनच बाबांना कपातून मान वर करता येईना. आजोबांनी ते ऐकले. पुष्कळ वेळाने ते माझ्याकडे वळून म्हणाले, “अगो, त्या अर्जातलं पहिलं कलम मी लिहायलाच नको होतं. सातवं पहिलं लिहायला हवं होतं. आणि कार्यालयात देण्याआधी ते या माणसांना वाचून दाखवायला हवं होतं.”

आता कोणी म्हणेल, खाचर बुजवले म्हणून का पूर आला? तसे मी म्हणत नाही. वाशिष्ठीचा महापूर हा एका खाचराने येणारा नाही आणि एका खाचराने टळणाराही नाही. त्या रात्रीचा पाऊस, खाडीची भरती, नदीत साचलेला गाळ, अशी अनेक कारणे त्यात आहेत. पण आमच्या भूगोलाच्या सरांनी एक हिशेब फळ्यावर मांडून दाखवला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यात दोन फूट पाणी उभे राहिले तर ते सुमारे पंचवीस लाख लिटर होते. दहा हजार लिटरचे जवळजवळ अडीचशे टँकर! पहिल्या इमारतीसाठी एक एकर बुजवला. तेवढे टँकर दर मोठ्या पावसात आता दुसरी जागा शोधतात. ती जागा म्हणजे आमचे माजघर, किराणा दुकानाचे कोठार, नाहीतर वाचनालयाची कपाटे. १८६४ साली स्थापन झालेल्या आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तके २००५ मध्ये भिजली आणि २०२१ मध्ये पुन्हा भिजली. पाणी आपला जुना पत्ता विसरत नाही, असे आजी म्हणते.

महापुरानंतर शहरात पूररेषांचा विषय निघाला. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मध्ये निर्बंध. ज्यांची घरे, दुकाने आधीच त्या रेषांच्या आत, त्यांनी काय करायचे? डिसेंबर २०२१ मध्ये गाळ काढावा आणि या रेषांचा फेरविचार व्हावा म्हणून नागरिकांनी साखळी उपोषण केले. आमच्या आळीतली माणसेही त्यात बसली होती. मला तेव्हा एक गंमत वाटली आणि थोडी लाजही वाटली. मागच्या खाचरासाठी आम्हाला रेषा हवी होती. स्वतःच्या अंगणासाठी मात्र ती नको होती.

घरे तर हवीतच. लोट्याचे कारखाने आले, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, माणसे येणारच. आमच्याच वर्गातली निम्मी मुले उद्या कोठेतरी जाऊन भाड्याची खोली शोधतील आणि तिथल्या कुणाच्या तरी अर्जात पहिले कलम होतील. येणारा माणूस हा धोका नव्हे, हे मी त्या दोन खोल्यांत शिकले. त्याला कोठे राहायला घालतो आणि काय सांगून घालतो, यात धोका आहे. आणि सांगण्याचे काम एकट्या विकणाऱ्याचे नाही. ज्याला ठाऊक आहे त्या प्रत्येकाचे आहे.

गेल्या दिवाळीपासून खाचराच्या उरलेल्या एकरावर पुन्हा फलक लागला आहे. ‘दुसरा टप्पा.’ कारंजे तेच, मुले तीच. या वेळची बैठक इमारतीच्या तळमजल्यावर झाली, कऱ्हाडच्या वहिनींच्या पुढाकाराने. सगळ्यांचे एकमत झाले, असे खोटे मी लिहिणार नाही. काही फ्लॅटवाल्यांना दुसऱ्या टप्प्यात रुंद रस्ता मिळेल ही आशा आहे. आमच्याच एका शेजाऱ्याला स्वतःची जागा विकायची आहे. पण अर्ज लिहिला गेला, आणि या खेपेला तो माझ्या अक्षरात आहे. पहिले कलम पाण्याचे : भराव घालण्यापूर्वी साठणाऱ्या पाण्याचे मोजमाप व्हावे, आणि पऱ्या पाइपांतून काढून पुन्हा उघडा वाहावा. दुसरे कलम : प्रत्येक घेणाऱ्याला २००५ आणि २०२१ ची पाण्याची पातळी लेखी सांगावी. माणसांविषयी एकही कलम नाही. सह्या चौसष्ट. उत्तर अजून यायचे आहे.

बाबांनी आणखी एक गोष्ट केली. फाटकाशेजारच्या आमच्या भिंतीवर, रस्त्याकडच्या बाजूला, त्यांनी तैलरंगाने दोन आडव्या रेघा ओढल्या. खालच्या रेघेवर २६ जुलै २००५, आणि शिडी लावून, कौलांच्या खाली, २२ जुलै २०२१. मुंबईच्या काकांचा लगेच फोन आला, “अरे, अशाने आपल्याच घराला कोण किंमत देईल? पूस ते!”

बाबा म्हणाले, “राहू दे.”

परवा रविवारी फ्लॅट पाहायला आलेले एक कुटुंब त्या रेघांपाशी थांबले होते. त्यातल्या आजोबांनी हात उंच करून वरच्या रेघेला पोचतो का ते पाहिले. पोचला नाही. मग त्यांनी फाटकाची कडी वाजवली. मी उघडायला गेले.