आजीची दाढदुखी

कॉलेज सुटले की पानठेल्यावरून एक पुडी घ्यायची आणि मग घराची वाट धरायची, हा माझा कित्येक वर्षांचा नेम होता. पुडी आजीची. मी बालवाडीत असल्यापासून ती मला पाठवी, "पोरी, येता येता पुडी आनजो," आणि उरलेल्या पैशांची गोळी माझी असे. त्या गोळीची चव आज आठवली की घास कडू होतो.

आजीने गडचांदूरच्या आसपासच्या शेतांत जन्मभर कापूस वेचला. पहाटे भाकर बांधून निघालेल्या बाईच्या पोटात दुपारपर्यंत काही पडत नसे. चुना लावून मळलेली चिमूट दाढेखाली धरली की भूक मरते, हे तिला तिच्या सासूने शिकवले. पुढे आमच्याकडे खर्रा आला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून देतात तो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण आजीच्या चिमटीला कोण बंदी घालणार?

मागच्या वर्षी पोळा झाला आणि आजीची डावी दाढ दुखू लागली. तिला तिखट सोसेना. भाकर दुधात कुस्करून खाऊ लागली. आम्ही म्हटले, वय झाले, दाढ हलली असेल. मी लवंग आणून दिली. लवंगेने थांबले नाही तेव्हा ती म्हणाली, "तंबाखूनं जरासक बधिर होते." मग मी तंबाखू आणून दिली. पोळा ते संक्रांत, चार महिने, ज्या जागी जखम होती त्याच जागी दाबून धरायला मी स्वतःच्या हाताने तंबाखू आणत होते!

चंद्रपूरला डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितले तेव्हा आजीचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडले. गालाच्या आतला तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट हातात पडला. तो इंग्रजीत होता. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. सक्तीच्या इंग्रजीत कसेबसे पास झालेल्या मला 'कार्सिनोमा' हा शब्द ठाऊक नव्हता. मोबाईलवर अर्थ शोधला आणि बसस्टँडच्या बाकावर तशीच बसून राहिले. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला पहिला उपयोग हा!

परतीच्या एस.टी.त आजी खिडकीशी बसली होती. बल्लारपूर सोडून गाडी वर्धा नदीच्या पुलावर आली तसे तिने नेहमीसारखे नाणे नदीत टाकले, हात जोडले आणि विचारले, "काय लिवलं हाय कागदात?"

"गाठ आहे आजी. नागपूरला दाखवावी लागेल."

ती राजुरा येईपर्यंत काही बोलली नाही.

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी विभागीय कर्करोग रुग्णालयाच्या दारात आजी थबकली. पाटीवरचे नाव मी वाचून दाखवले. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने आमच्या भागात घरोघरी. हे महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले, हे आजीने कुठल्याशा कीर्तनात ऐकले होते. "महाराजाले बी हाच झाला होता. मंग मले लाज कायची?" असे म्हणून ती आत शिरली. तिला लाज वाटत होती, हे मला तेव्हा कळले. मोहल्ल्यातल्या एका बाईने चहा देताना तिची कपबशी वेगळी ठेवली होती. कर्करोग काही कपबशीने पसरत नाही, पण हे सांगायला तरी त्या दिवशी माझी जीभ कुठे उचलली होती!

माय कापूस वेचायला जाई, तिची मजुरी बुडाली तर चूल बंद. बाबा ट्रकवर. बायकांच्या वॉर्डात बाईमाणूसच हवे, म्हणून मी राहिले. रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या प्रती घेऊन खिडक्यांसमोर उभी राहिले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली. डावा गाल आणि जबड्याचे थोडे हाड काढून छातीची कातडी तिथे लावली. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बाहेर जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

नाकातल्या नळीतून जेवण द्यायला सिस्टरने शिकवले. डोके उंच ठेवायचे, आधी थोडे पाणी, मग गाळलेले वरण, पेज किंवा दूध, मग पुन्हा पाणी, आणि अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. दर दोन तासांनी हेच. मधल्या वेळात मी सरांनी पाठवलेल्या टिपणांतून मराठीचा पेपर वाचत असे.

वॉर्डातल्या इतर बाया पाटीवर लिहून बोलत. सिस्टरने आजीलाही पाटी दिली. आजीने ती उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे सरकवली. बोलता येईना, लिहिता येईना! मग आम्ही खुणा ठरवल्या. पलंगावर दोनदा टकटक म्हणजे पाणी, एकदा म्हणजे दुखते.

एक खूण मात्र कळेना. ती डाव्या तळव्यावर उजवा अंगठा घासून दाखवी. तंबाखू मळायची ती खूण! मी भडकले. "एवढं होऊनही तंबाखूच पाहिजे?" असे सगळ्या वॉर्डासमोर ओरडले. आजीने मान हलवली, पुन्हा तसेच केले आणि दाराकडे बोट दाखवले. मी पाठ फिरवली.

पुढे तीस शेक झाले. आठवड्यातून पाच, असे सहा आठवडे. मानेची कातडी काळी पडली, तोंड सोलवटले. उन्हाळ्यात आम्ही घरी आलो. नळी निघाली, बोबडे का होईना शब्द फुटू लागले. आल्या आल्या आजी भिंतीच्या कोनाड्यापाशी गेली, तिथली तंबाखूची डबी उचलली आणि माझ्या हाती दिली.

"हेच सांगत होतो तुले. डबी फेकून दे म्हून. तुही माय खाते."

माय चुलीपाशी बसली होती. तिने मान वर केली नाही. शेतातल्या साऱ्याच बाया खातात, मायही खाते, हे मला ठाऊक नव्हते का? ठाऊक होते. पाहिले मात्र नव्हते.

त्या रात्री मी मायला दिव्याखाली बसवले. आपलीच तीन बोटे उभी जुळवून तोंडात जातात का पाहायचे, एवढी सोपी परीक्षा आहे ती. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तिखट न सोसणे, याही खुणा. मायची दोन बोटे गेली, तिसरे अडले.

आमच्या कॉलेजच्या फाटकासमोरही खर्रा घोटला जातो, आणि घेणारे माझ्याच वर्गातले आहेत. मी त्यांना उपदेश कोणत्या तोंडाने करू? पंधरा वर्षे पुड्या मीच आणल्या. पण आज घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहा आणि तीन बोटे घालून पाहा. मग आईलाही तसेच पाहायला सांगा.

येत्या सोमवारी आजीची तपासणी आहे. या खेपेला एस.टी.ची तीन तिकिटे काढायची आहेत. माय येते म्हणाली आहे.